राखीव खेळाडू असलेल्या मुलीला हंगामाच्या मध्येच खो-खो सोडू द्यावा का?

प्रश्न : सातवीतल्या मुलीचे बाबा, सातारा जिल्हा

नमस्कार. माझी मुलगी सातवीत असून गेल्या वर्षापासून शाळेच्या खो-खो संघाबरोबर सराव करते. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. शाळेचे मैदान मातीचे आहे. सराव सकाळी शाळा भरण्यापूर्वी होतो आणि पावसाने झोड उठवली की तो व्हरांड्यातील व्यायामापुरताच उरतो. तालुकास्तरीय शालेय स्पर्धेसाठी चौदा वर्षांखालील मुलींच्या संघात तिचे नाव दिलेले आहे, परंतु गेल्या वर्षीप्रमाणे याही वर्षी ते राखीव खेळाडूंमध्ये आहे, आणि गेल्या वर्षी तिला स्पर्धेत एकदाही मैदानात उतरवले गेले नव्हते.

आता स्पर्धा तोंडावर आलेली असताना तिने खो-खो सोडण्याचा हट्ट धरला आहे. ती रडत नाही, चिडत नाही, सकाळी उठवायला गेले की पांघरूण डोक्यावर ओढून घेते आणि "मी गेले नाही तर कोणाचं काय अडणार आहे, बाबा?" एवढेच विचारते. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तिच्यावाचून संघाचे काही अडत नाही हे मलाही दिसते.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. तिच्या आईचे म्हणणे असे, की मन लागत नसेल तर ओढून नेण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा तो वेळ अभ्यासाला मिळेल. माझे वडील तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळत. त्यांचे मत ठाम आहे, की हाती घेतलेले अर्ध्यावर टाकण्याची सवय या वयात लागली तर ती जन्मभर सुटत नाही, आणि आज खो-खो सुटला तर उद्या गणितही सुटेल. दोघांचेही ऐकताना मला दोघांचेही पटते, ही माझी अडचण आहे.

मी स्वतः शाळेत असताना मैदानाकडे फारसा फिरकलो नाही. खेळामुळे चिकाटी, शिस्त आणि संघभावना अंगी बाणते असे प्रत्येक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे सांगतात, परंतु ती नेमकी कशी बाणते हे मी आजवर कोणाकडून ऐकलेले नाही. मैदानाच्या कडेला बसून राहणाऱ्या मुलीच्या अंगीही ती बाणते का? की जी मुले मुळातच चिवट असतात तीच खेळात टिकतात आणि श्रेय मात्र खेळाला मिळते? मी तिला थांबायला लावले तर ती चिकाटी शिकेल, की नुसते मन मारून गप्प बसायला शिकेल? ज्यांनी मुलांना खेळ शिकवला आहे किंवा जे स्वतः शाळेच्या संघातून खेळले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : क्रीडाशिक्षक, धाराशिव जिल्हा

दादा, आपण प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून सविस्तरच लिहितो.

सर्वप्रथम वयाचा हिशेब पाहा. चौदा वर्षांखालील गटात सातवीच्या मुली आणि जन्मतारखेत बसणाऱ्या आठवीच्या मुली एकत्र खेळतात. बारा आणि तेरा या वयांत मुलींची उंची, पायातील ताकद आणि दम यांत इतका फरक पडतो, की सातवीतील मुलगी राखीव असणे हा तिच्या कुवतीबद्दलचा निकाल मानण्याचे कारण नाही. तिची जन्मतारीख तपासा. ती पुढच्या वर्षीही याच गटात बसत असेल, तर तेव्हा तिच्यापुढच्या बहुतेक मुली सतरा वर्षांखालील गटात गेलेल्या असतील. मुलांना हा हिशेब कोणी समजावून सांगत नाही, आणि मग त्यांना वाटते की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

आता चिकाटीविषयी. नुसते मैदानावर हजर राहिल्याने ती येत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. सकाळी उठून मैदानाला फेऱ्या मारायच्या, उशीर झाला तर आणखी फेऱ्या मारायच्या आणि घाम गाळला म्हणजे चिकाटी आली असे समजायचे, ही पद्धत अनेक शाळांत आजही आहे. तिच्यातून मुले फक्त शिक्षकांची नजर चुकवायला शिकतात. माझ्या पाहण्यात चिकाटी तेव्हा येते, जेव्हा मुलाला स्वतःचे असे एक लहान आणि निश्चित काम मिळते, ते काम आज जमले नाही हे त्याला स्वतःला कळते, आणि उद्या पुन्हा तेच करून पाहण्याची संधी असते. या तिन्हींपैकी एक जरी नसले तर उरते ती हजेरी.

खो-खो या दृष्टीने फार चांगला खेळ आहे, कारण आक्रमणात नऊपैकी आठ मुली कोणत्याही क्षणी बसलेल्या असतात. पाहणाऱ्याला धावणारी दिसते, पण सामना बसलेल्या मुलींवर ठरतो. शेजारच्या दोघींची तोंडे विरुद्ध दिशांना असतात. धावणारीने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय तिला मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी, म्हणजे बसलेल्या मुलींच्या रांगेचा पट्टा, ओलांडता येत नाही. त्यामुळे समोरची संरक्षक पलीकडच्या बाजूला निसटली, की तिला गाठण्याचे काम बसलेलीकडे येते. ही बसलेली मुलगी आळसावून बसली असेल, टाचेवर भार टाकून बसली असेल, तर खो मिळाल्यावर उठायला जो पाव सेकंद जास्त लागतो, तेवढ्यात समोरची हाताबाहेर गेलेली असते. म्हणूनच बुलेट टो आणि पॅरलल टो अशा बसण्याच्या दोन पद्धती आम्ही स्वतंत्रपणे घोटून घेतो. एक पाय मागे रोवून धावपटूसारखे बसायचे, किंवा दोन्ही चवडे एका रेषेत ठेवून बसायचे, हात जमिनीला टेकवायचे, नजर वर ठेवायची आणि खो मिळताच पहिले पाऊल सरळ पुढे टाकायचे. बसणे आणि उठणे एवढेच काम आहे. ते कंटाळवाणे आहे, आणि त्यात सुधारणा झाली की मुलीला स्वतःला ती पायात जाणवते.

मी प्रत्येक मुलीच्या नावाने एका साध्या वहीत दोनच गोष्टी लिहितो. सरावात तिने किती सेकंद संरक्षण केले, आणि आक्रमणात तिच्याकडून किती फाउल झाले. ही वही मैदानावर उघडी असते. जी मुलगी जुलैमध्ये मैदानात उतरताच बाद होत होती, ती गणपतीनंतर पहिल्या तुकडीतल्या मुलींना दमवायला लागते, आणि ते तिला सांगावे लागत नाही, ती वही उघडून स्वतः पाहते. राखीव मुलींना मी सरावात प्रतिस्पर्धी संघाची भूमिका देतो. समोरच्या शाळेची एखादी मुलगी डावीकडे हुलकावणी देऊन खांबाजवळ फिरते हे ठाऊक असेल, तर आमची राखीव मुलगी आठवडाभर तशीच पळते. मग "माझ्यावाचून काय अडते" या प्रश्नाला जागा राहत नाही, कारण तिच्यावाचून सराव खरोखरच अडतो.

आमच्या जिल्ह्यातील एक उदाहरण सांगतो. सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिती अशी होती, की कित्येक वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. त्याच २०१६ च्या सुमारास घरच्या आर्थिक ओढाताणीला कंटाळून त्यांनी खेळ सोडण्याचे ठरवले होते आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या. देशाचे नेतृत्व करणाऱ्या खेळाडूलाही खेळ सोडावासा वाटला, आणि त्या वेळी कोणीतरी त्यांच्याशी बोलले. आपल्या मुलीला सोडावेसे वाटते याचा अर्थ तिच्यात चिकाटी नाही असा लावू नका.

आपण शाळेत जाऊन शिक्षकांना भेटा, परंतु "माझ्या मुलीला संघात का घेत नाही" असे विचारू नका. त्या प्रश्नाला शिक्षक बचावाचेच उत्तर देतात. "पहिल्या नऊ जणींत येण्यासाठी तिने कोणती एक गोष्ट सुधारायला हवी" असे विचारा. उत्तर आले तर तिला काम मिळाले. उत्तरच आले नाही, तर दोष मुलीत नाही हे आपल्याला कळेल. आणि सोडण्याचा निर्णय हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर घ्यायचा, तोही तिनेच घ्यायचा, असे तिच्याशी ठरवा.

उत्तर २ : फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर

सरांचे उत्तर उत्तम आहे, तरी त्याच्या आधीची एक पायरी राहिली आहे असे मला वाटते. दादा, आपण तिला कारण विचारले आहे का? तिने जे सांगितले ते कारण आहे की निमित्त, हे आपल्या लिहिण्यावरून कळत नाही.

या वयाच्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा तक्रार गुडघ्याची असते. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जिथे हाडाचा उंचवटा लागतो तिथे दुखते. उड्या मारताना, उकिडवे बसून उठताना आणि जिने चढताना ते वाढते. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू त्या कोवळ्या भागावर वारंवार ताण देतो म्हणून हे होते आणि खेळणाऱ्या मुलांत ते सर्रास आढळते. बहुतेकांना सरावाचे प्रमाण कमी केल्याने, व्यायामाने आणि काळाने आराम पडतो. परंतु खो-खोत दिवसभर बसा-उठाच करायची असते, आणि दुखते असे सांगितले तर संघातून नाव जाईल या भीतीने मुली बोलत नाहीत. दुखणे लपवून खेळत राहणाऱ्या मुलीचे "किती चिवट आहे" म्हणून कौतुक होताना मी ऐकले आहे, आणि ते ऐकून मला दर वेळी संताप येतो.

दुसरी गोष्ट बाबांनी विचारण्यापेक्षा आईने विचारलेली बरी. सहावी-सातवीच्या सुमारास पाळी सुरू होते. मैदानावर बदलायला जागा नसते, स्वच्छतागृहाला कधी कडी नसते तर कधी पाणी नसते, गणवेशाची चड्डी आखूड आणि फिक्या रंगाची असते, आणि सराव घेणारे शिक्षक पुरुष असले तर "आज मी सूर मारणार नाही" हे त्यांना सांगण्याची हिंमत होत नाही. मुलींचा खेळ याच वयात मोठ्या प्रमाणावर सुटतो. त्या वेळी घरात मात्र चर्चा चालते ती चिकाटीची. आपल्या मुलीच्या बाबतीत असे असेलच असे नाही, पण हे आधी तपासल्याशिवाय तिला थांबायला सांगू नये.

उत्तर ३ : शंकेखोर वाचक, मुंबई

मी या चर्चेत थोडा विरोधी सूर लावतो.

राखीव खेळाडूचा विषय निघाला की मुंबईत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, आणि पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला शाळकरी अमोल मुझुमदार बसूनच राहिला. पुढे त्याच मुझुमदारांनी रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या, तरी भारताकडून एकही कसोटी वा एकदिवसीय सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा ते त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पण आपण ती सांगतो, कारण तिचा शेवट गोड झाला. पॅड बांधून बसलेली आणि पुढे कोणाच्याही लक्षात न राहिलेली मुले शेकड्यांनी असतील. त्यांच्या अंगी चिकाटी बाणली की कडवटपणा, हे आपल्याला कोण सांगणार? आपला दुसरा प्रश्न, म्हणजे चिवट मुलेच खेळात टिकतात का, हा म्हणूनच मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

यावर मानसशास्त्रात वाद झालेला आहे. अमेरिकेतील अँजेला डकवर्थ यांनी २००७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर चिकाटीचे मोजमाप मांडले. त्यात दोन भाग होते, प्रयत्नांतील सातत्य आणि आवडीतील सातत्य. २०१७ मध्ये मार्कुस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हे मोजमाप पूर्वीपासून माहीत असलेल्या कर्तव्यदक्षतेच्या गुणाहून फारसे वेगळे नसल्याचे दिसले. शिवाय यशाशी जो काही संबंध होता तो मुख्यतः प्रयत्नांतील सातत्याचा होता; एकाच आवडीला वर्षानुवर्षे धरून राहण्याचे महत्त्व त्या मानाने कमी निघाले. आजोबांना हे जरूर सांगा. खो-खो सोडला म्हणजे गणितही सुटेल, याला आधार नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत. पुढे त्या धावण्याकडे वळल्या, मॅरेथॉन धावल्या आणि मग तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत, धरली. २०१५ मध्ये त्या आशियाई विजेत्या ठरल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत पोहोचल्या, तिथे त्या दहाव्या आल्या. खो-खो न सोडता त्या कोण झाल्या असत्या हे कोणी सांगू शकत नाही, परंतु त्यांनी खेळ बदलला म्हणून त्यांना कोणी धरसोड करणारी म्हणणार नाही.

खरे तर माझी सर्वांत मोठी शंका मुलांवर नाही, आपल्या शालेय स्पर्धांवर आहे. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी या स्पर्धा होतात आणि बहुतेक ठिकाणी त्या बाद पद्धतीने घेतल्या जातात. म्हणजे वर्षभर सराव करायचा, टेम्पोतून तालुक्याच्या मैदानावर जायचे, पहिला सामना हरायचा आणि दुपारपर्यंत घरी परत यायचे. एवढ्या एका सामन्यात शिक्षक राखीव मुलीला कशाला उतरवतील? सरांनी म्हटले, की आज जमले नाही तर उद्या पुन्हा करून पाहण्याची संधी हवी. हरलेल्या संघाला ती संधी पुढच्या वर्षी मिळते. निम्म्या शाळांचा हंगाम जर एकाच सामन्यात संपत असेल, तर त्यातून चिकाटी शिकवली जाते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

उत्तर ४ : क्रीडाशिक्षक, धाराशिव जिल्हा

शंकेखोर महोदय, बाद पद्धतीविषयी आपण लिहिले ते शंभर टक्के खरे आहे, आणि ते आम्हा शिक्षकांना सर्वांत जास्त बोचते. एका दिवसात एका मैदानावर तालुक्यातील सगळ्या शाळांचे, मुलांचे आणि मुलींचे, तिन्ही वयोगटांचे सामने उरकायचे असतात. पंच मोजके असतात. पाऊस आला तर तेही नाही. साखळी सामने घ्यायचे कोणी म्हटले तर वेळापत्रकच कोलमडेल. त्यामुळे आम्ही आसपासच्या काही शाळा मिळून श्रावणापासूनच शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर एकमेकांच्या मैदानावर मैत्रीचे सामने खेळतो. त्यात चषक नसतो आणि प्रमाणपत्रही नसते. संकेत मात्र एवढा पाळतो, की प्रत्येक राखीव खेळाडूला किमान एका पाळीत उतरवायचेच. हरलेला संघ पुढच्या शनिवारी पुन्हा खेळतो. चिकाटी म्हणून जे काही मला मुलांमध्ये दिसले आहे, ते बहुतांशी या शनिवारच्या सामन्यांत दिसले आहे, तालुक्याच्या स्पर्धेत नाही.

मुझुमदारांच्या गोष्टीविषयीही मी सहमत आहे. थांबलास तर मोठा होशील असे सांगण्यासाठी मी ती मुलांना कधी सांगत नाही.

आपण डकवर्थ यांचे नाव काढले म्हणून आठवले. त्यांच्या घरी एक नियम आहे असे त्यांनी लिहिले आहे. प्रत्येकाने एक तरी कठीण गोष्ट करायची. ती सोडता येते, पण मध्येच नाही, हंगाम संपल्यावर किंवा भरलेल्या शुल्काची मुदत संपल्यावर. आणि ती गोष्ट कोणती हे ज्याने त्याने स्वतः निवडायचे. त्यांच्या मोजमापावर वाद असेल, पण हा नियम मला घरासाठी व्यवहार्य वाटतो. वाईट सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नये, एवढे तरी त्याने साधते. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलेल्या कारणांना मात्र हा नियम लागू नाही. दुखत असेल तर आजच थांबवायचे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : सातवीतल्या मुलीचे बाबा

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिल्याप्रमाणे काही गोष्टी करून पाहिल्या, म्हणून पुन्हा लिहीत आहे.

तिच्या आईने तिच्याशी निवांत बोलून घेतले. गुडघा दुखत नाही. ताईंनी लिहिलेली दुसरी अडचण थोडीफार आहे. सकाळी सरावाच्या वेळी मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि किल्ली शिपाईकाकांकडे असते, जे शाळा भरण्याच्या वेळी येतात. मी मुख्याध्यापकांना भेटलो तेव्हा एक किल्ली संघाच्या कर्णधार मुलीकडे देण्याचे त्यांनी मान्य केले. इतकी साधी गोष्ट आजवर कोणी मागितली नव्हती.

खरे कारण निराळेच निघाले. गेल्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी तिला सगळ्या मुलींची दप्तरे आणि चपला सांभाळायला आणि बाटल्या भरून आणायला सांगितले होते. सामना सुरू असताना ती नळावर होती. तिची जिवलग मैत्रीण त्या सामन्यात दोघींना बाद करून आली आणि हिने ते पाहिलेच नाही. न खेळल्याचे तिला एवढे वाईट वाटलेले नाही, पण ते बाटल्यांचे काम याही वर्षी आपल्याच वाट्याला येणार हे तिला ठाऊक आहे.

त्यानंतर क्रीडाशिक्षकांना भेटून आपण सांगितला तोच प्रश्न विचारला. ते क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, "ती खो मिळायच्या आधीच उठते. दर पाळीत दोन-तीन फाउल तिच्या एकटीचे असतात. पाय चांगले आहेत, पण धीर नाही." हे त्यांनी तिला कधी सांगितले होते का, असे विचारल्यावर ते म्हणाले की मैदानावर ओरडून सांगतोच की. घरी येऊन मी तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, की सर "उठू नको" असे सगळ्यांनाच ओरडतात, ते आपल्याला उद्देशून आहे हे तिला माहीतच नव्हते.

तालुक्याची स्पर्धा होईपर्यंत ती जाणार आहे, आणि नंतर काय करायचे ते ती ठरवील, असे आम्ही ठरवले आहे. माझ्या वडिलांना "नंतर ती ठरवील" हा भाग मुळीच पसंत नाही, आणि क्रेडे वगैरे मंडळींना त्यांनी एका वाक्यात निकालात काढले. पण संध्याकाळी अंगणात तिच्या मागे उभे राहून खो देण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे. एक अडचण अशी, की ते दर वेळी ठरावीक अंतराने खो देतात, त्यामुळे ती मनात आकडे मोजून उठते. यावर काही उपाय आहे का?

उत्तर ५ : क्रीडाशिक्षक, धाराशिव जिल्हा

आहे. आजोबांना सांगा, की खो द्यायला पाठीला हाताचा स्पर्शही लागतो आणि "खो" हा शब्दही लागतो. त्यांनी कधी नुसता स्पर्श करावा आणि गप्प राहावे, कधी स्पर्श न करता नुसते "खो" म्हणावे, आणि मध्येच दोन्ही करावे. दोन्ही मिळाले तरच तिने उठायचे. दोन खोंमधले अंतर कमी-जास्त करावे; कधी लगेच द्यावा, कधी ती कंटाळेपर्यंत देऊ नये. मागे चालण्याचा आवाज ऐकून ती अंदाज बांधत असेल तर चपला काढून ठेवाव्यात. तिची नजर मात्र समोरच हवी. समोर तिच्या आईला किंवा आपल्याला इकडून तिकडे पळावे लागेल, कारण सामन्यात ती संरक्षकाकडे पाहत असते, भिंतीकडे नाही. एका वेळी दहा-बारा खो पुरेत, मग थोडी विश्रांती द्या आणि त्यात आधी उठल्याचे फाउल किती झाले ते तिलाच लिहू द्या.

आणि बाटल्यांचे काम आळीपाळीने वाटून द्यावे, हे शिक्षकांना आपण सांगण्यापेक्षा कर्णधार मुलीने सांगितले तर लवकर होईल.